रेमीबाईंनी पास केलेलं पान

रेमीबाई खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीची चौकशी करायच्या. आधी पाठीवर हात, मग बैठकीवर, मग हलकासा धक्का देऊन चाकं पळत तर नाहीत ना ते बघणं. एवढं झाल्यावर "ही कालचीच ना?" असा प्रश्न. कालचीच आहे म्हटलं की बसायच्या, पण थोडा वेळ काठावरच. खुर्ची कालचीच आहे हे सांगणाऱ्याचा आवाज त्यांना पटावा लागायचा, आणि आमच्या ऑफिसात पटण्यासारखे आवाज फार कमी होते.

ऑफिस म्हणजे भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा. शेजारच्या गाळ्यात स्टीलच्या ताटांना पॉलिश करायचं काम चाले, त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या क्लायंटच्या आधी कानठळ्या बसायच्या आणि मग त्याला चहा मिळायचा. मालक जिगरभाई. आम्ही लोकांना वेबसाइट बनवून द्यायचो. पानं मी आणि आणखी दोघंतिघं मिळून बांधायचो आणि रेमीबाई ती तपासायच्या. म्हणजे ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाला ते पान वापरता येतं का, हे बघायच्या. त्यांना स्वतःला दिसत नव्हतं. तिशीतच काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते. पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फोनमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये असतं, ते त्या इतक्या वेगाने ऐकायच्या की आम्हाला नुसती कुरकुर कानावर यायची. ऐकून झालं की निकाल एका शब्दात: पास किंवा नापास. त्यांनी पास केल्याशिवाय एकही साइट गाळ्याबाहेर जायची नाही. जिगरभाई क्लायंटला छातीवर हात ठेवून सांगायचे, "हमारी मॅडम खुद देख नहीं सकती, उन्होंने चेक किया है."

"आंधळी म्हणायला लाजतो, पण विकायला लाजत नाही," रेमीबाई माझ्याकडे तोंड वळवून म्हणायच्या. जिगरभाई ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

पूर्ण नाव रेमेडिया. गाव उत्तन, भाईंदर पश्चिमेचं मासेमारीचं गाव. वय पन्नाशी ओलांडलेलं. फुलाफुलांचा सुती ड्रेस, मानेला पावडर आणि खांद्याला अशी पर्स की तिची चेन उघडायला त्यांनाही वेळ लागावा. एका कारखान्यात त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. डोळे गेल्यावरही ते काम टिकलं, कारण बोर्डावरची बटणं हाताखालची होती. मग कारखानाच बंद पडला. त्या नोकरीने त्यांना एक गुळगुळीत, शहरी, इस्त्री केलेला आवाज दिला होता. तो क्लायंटसाठी राखलेला. राग आला की आवाजाची इस्त्री मोडायची आणि थेट उत्तन बाहेर यायचं. ‘आहे’चं ‘हाय’ झालं की आम्ही आपापल्या टेबलाकडे सरकायचो.

मी नवीन होतो तेव्हा त्यांना प्रेमाने मावशी म्हणालो. त्या थबकल्या.

"मावशी का बरं? माझ्याकडून काय काम काढायचं आहे?"

"काही नाही हो, आपलं असंच."

"असंच कोणी कोणाला मावशी करत नाही. रेमीबाई म्हण." तेव्हापासून रेमीबाई.

त्यांचा संशय असा पसरलेला होता की त्यात गरीब-श्रीमंत, देव-माणूस असा भेदभाव नव्हता. उत्तनच्या बसमधून स्टेशनला उतरायचं, पूल ओलांडून पूर्वेला यायचं आणि रिक्षा करायची, हा रोजचा रस्ता. रिक्षावाल्याला बसता बसता फर्मान: "भैया, रस्ते में जो जो आयेगा, बोलते जाना." बिचारा बोलत जायचा: मेडिकल, मंदिर, गॅरेज, मिठाईवाला. एकदा एकाने गंमत म्हणून मिठाईवाल्याच्या जागी बँक सांगितली. बाईंनी तिथेच रिक्षा थांबवली, कारण तळणीचा वास येत होता आणि बँकेत फाफडा तळत नाहीत. उरलेला रस्ता त्या पायी आल्या, उशिरा आल्या आणि दिवसभर सगळ्यांशी भांडल्या.

मीटिंगमध्ये सगळे दोन क्षण गप्प झाले की त्या लगेच म्हणायच्या, "कोण कोणाला खुणावतंय?" बहुतेक वेळा कोणीतरी खुणावत असायचंच. दिसणाऱ्या माणसांना वाटतं, समोरच्याला दिसत नाही म्हणजे भुवया उडवायला मोकळीक. रेमीबाईंसमोर आम्ही हळूहळू भुवया जागच्या जागी ठेवायला शिकलो.

संशय एकतर्फी होता असं मात्र नाही. ऑफिसलाही त्यांचा संशय होताच. ह्या बाईला थोडंफार दिसतं, असं अर्ध्या गाळ्याचं मत होतं. एकदा आल्या आल्या म्हणाल्या, "आज मागची ट्यूबलाइट लावली नाहीत?" आणि खरोखरच लावली नव्हती. त्या ट्यूबलाइटला एक बारीक घूं-घूं होती, ती आम्हाला कधी ऐकूच आली नव्हती. पण कुजबुज व्हायची ती झाली. मग जिगरभाईंनी एक दिवस परीक्षाच घ्यायची ठरवली. पेढ्यांचा बॉक्स उघडून, श्वास रोखून, त्यांच्या टेबलावर कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवला आणि मागे उभे राहिले. रेमीबाईंची बोटं कीबोर्डवर थांबली.

"जिगरभाई, पेढा द्यायला ठेवलाय का मला तपासायला?"

"अरे नहीं नहीं, वो तो प्रसाद..."

"वेलचीचा वास आला म्हणून कळलं. आणि तुम्ही मागे उभे आहात ते तुमच्या अत्तरावरून. मना दिसत असतं, तर तुमच्याकडं कला आले असते मी नोकरीला?"

‘मला’चं ‘मना’ आणि ‘कशाला’चं ‘कला’ झालेलं ऐकून जिगरभाई केबिनमध्ये गेले. पेढा मात्र बाईंनी खाल्ला, आणि तो शिळा आहे असा शेराही दिला.

कामातही तेच. माझी पानं त्या एखाद्या गुन्हेगाराची झडती घ्यावी तशा तपासायच्या. पानावर फोटो टाकला की त्यात काय आहे ते शब्दांत लिहून ठेवावं लागतं, म्हणजे फोन ते वाचून दाखवतो. एका दवाखान्याच्या साइटवर मी लिहिलं होतं, ‘हसणारी रुग्ण महिला’. बाईंनी मला बोलावून घेतलं.

"ही बाई का हसते?"

"फोटोत हसतेय म्हणून लिहिलं."

"दवाखान्यात पडलेली बाई हसेल? विकतचा फोटो आहे हा. खरी बाई नाही ही."

"असेल. पण दिसणाऱ्यांना तरी हसतानाच दिसते ना."

"मग त्यांना फसू दे. मला कशाला फसवतोस? दवाखान्याचं दार कुठल्या बाजूला आहे, लिफ्ट आहे की जिना, ते लिही." शेवटी तो फोटोच गेला आणि त्या जागी दाराचा फोटो आला, ज्याचा उपयोग दिसणाऱ्यांनाही झाला.

मध्येच जिगरभाईंना कोणीतरी एक तयार बटण विकलं. हे बटण साइटच्या कोपऱ्यात चिकटवलं की साइट आपोआप सगळ्यांसाठी सोपी होते, असा विकणाऱ्याचा दावा. जिगरभाई खूश, कारण मग तपासायला माणूस नको. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण रेमीबाईंना ते न बोललेलं बरोबर ऐकू आलं. त्यांनी बटण दाबलं. त्यांच्या कॉम्प्युटरचा आवाज आधीच पान वाचत होता, त्यात ह्या बटणाचाही आवाज सुरू झाला. दोघं एकाच वेळी एकच पान वेगवेगळ्या ठिकाणाहून वाचायला लागले. बाईंनी स्पीकर मोठा करून जिगरभाईंना ते पूर्ण ऐकवलं.

"समजलं काही?" त्यांनी विचारलं.

"नहीं," जिगरभाई म्हणाले.

"मलाही नाही. काढा." बटण त्याच दुपारी निघालं. रेमीबाईंच्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही. एकदा जेवताना डबा उघडून बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "आज ना उद्या असं बटण येणार जे खरंच चालेल. मग मी काय करायचं?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ह्या बाईला ह्या नोकरीची किती भीती वाटते, म्हणजे ती जाण्याची. कारखाना बंद पडल्यावर मधली बरीच वर्षं त्या घरी होत्या. भाऊ चांगला, भावजय त्याहून चांगली, आणि दुखणं नेमकं तेच होतं. गॅसपाशी जाऊ नको, भाजेल. अंगणात जाऊ नको, जाळी सुकत घातलीत, पाय अडकेल. चहा करू नको, हातात देते. सकाळी ओट्यावर खुर्ची टाकायची, त्यावर नणंदेला बसवायचं आणि संध्याकाळी उचलून आत न्यायचं, म्हणजे खुर्ची. "घरी मना बसवून ठेवलेली," त्या म्हणाल्या, "हितं मी बसलेली हाय. फरक कलतो तुला?" कळत होता. ऑफिसात त्या आपला चहा आपण गाळून घ्यायच्या, दुसऱ्या कोणाला किटलीला हात लावू द्यायच्या नाहीत. तो चहा भयंकर कडू असायचा.

नंतर ते डायलिसिस सेंटरचं काम आलं. सेंटर खासगी होतं. तिथे रुग्णांनी आपली पाळी आधी साइटवरून ठरवायची होती: तारीख निवडायची, वेळ निवडायची आणि मग ‘नक्की करा’ हे बटण दाबायचं. साखरेच्या आजाराने किडनी जाते तसे डोळेही जातात, त्यामुळे तिथले बरेच रुग्ण बाईंच्याच जातकुळीचे. बाईंनी ते काम जीव ओतून केलं. पाच-सहा महिने त्या साइटच्या मागे होत्या. मी पान बदलायचो, त्या नापास करायच्या, मी पुन्हा बदलायचो. शेवटी एकदाची पास झाली आणि आम्ही सुटलो.

थोड्याच दिवसांत सेंटरमधून तक्रार आली. खारीगावातले एक भोईर म्हणून गृहस्थ काउंटरवर येऊन भांडतात. पाळी लावली म्हणतात, आमच्याकडे नोंद नसते. दोनदा परत पाठवावं लागलं, दुसऱ्या वेळी श्वास लागून त्यांना भलत्याच दवाखान्यात न्यावं लागलं. हे काय चाललंय?

जिगरभाई म्हणाले, "बुड्ढे को फोन चलाना नहीं आता होगा."

एरवी ह्या वाक्यावर रेमीबाईंनी त्यांना सोलून काढलं असतं. पण ह्या वेळी त्या त्यांच्या बाजूने. "खोटं बोलतो तो," त्या म्हणाल्या. "बटण दाबलंच नसणार. विसरला आणि आता साइटवर ढकलतो. ते पान मी पास केलंय. चल सुधीर, म्हाताऱ्याला पकडू."

आम्ही खारीला गेलो. चारी बाजूंनी सात-सात मजली बिल्डिंगी आणि मध्ये भोईरांचं कौलारू बैठं घर. भोईरकाका लुंगी-गंजीत ओट्यावर बसलेले, हाताच्या शिरा डायलिसिसने फुगलेल्या, डोळ्यांवर काळा चष्मा. त्या दिवशी सून घरी होती, तिने खुर्च्या दिल्या. रेमीबाईंनी खुर्ची चाचपली आणि बसायच्या आधीच उलटतपासणी सुरू केली.

"काका, पाळी तुम्ही स्वतः लावता की घरचं कोणी लावतं?"

"मीच लावतंय. सून कामाला जाते."

"बटण दाबता का सगळी?"

"जी जी सांगतंय तो फोन, ती दाबतंय."

"माझ्यासमोर लावा. अगदी पहिल्यापासून."

काकांनी फोन मांडीवर घेतला. त्यांच्या फोनचा आवाज इतका सावकाश होता की बाईंच्या बोटांना नुसती चुळबुळ सुटली. काका एकेक बोट सरकवत होते. तारीख. बुधवार. पुढे. वेळा. नऊ. पुढे. साडेदहा. दोनदा टकटक. फोन म्हणाला, ‘साडेदहा, निवडलं.’ काका अजून दोनदा पुढे सरकले, फोनने सेंटरचा पत्ता वाचला, मग पान संपलं. काकांनी फोन ओट्यावर बाजूला ठेवला.

"झाली लावून," ते म्हणाले.

"झाली कशी?" रेमीबाई उसळल्या. "आनि नक्की करायचं बटन?"

"कुठलं बटण? मला काय बोललाच न्हाय तो."

"बोलला न्हाय म्हंजे? वरती हाय ना! द्या हिकडं." बाईंनी फोन घेतला. बोट सरळ पानाच्या माथ्यावर गेलं, आणि फोन म्हणाला, ‘नक्की करा, बटण.’ "हे काय! हितंच तर हाय."

"वरती?" काका म्हणाले. "वरून तर मी खाली आलो. येताना नव्हतं."

बाई काहीतरी बोलणार होत्या, त्या थांबल्या. मला म्हणाल्या, "सुधीर, येताना नव्हतं?"

नव्हतंच. सुरुवातीच्या महिन्यांत ते बटण पानाच्या माथ्यावर कायम असायचं. मग लोक वेळ न निवडताच ते दाबतात म्हणून सेंटरने सांगितलं की वेळ निवडल्यावरच ते दिसू दे. तसं केलं. दिसणाऱ्याला लगेच दिसायचं, चांगलं हिरवंगार. पण ते उगवलं आहे हे फोन सांगत नव्हता. हा बदल झाल्यावर पान पुन्हा रेमीबाईंकडे गेलं होतं आणि त्यांनी पास केलं होतं, कारण वेळ निवडली की त्यांचं बोट सवयीने माथ्यावर जायचं आणि तिथे बटण असायचंच. पान त्यांना सांगतं आहे की नाही, हे त्यांनी बघितलंच नव्हतं. त्यांना ते पान पाठ झालं होतं.

त्यांनी फोन काकांच्या हातात परत दिला. "तुमची काही चूक नाही, काका," एवढंच म्हणाल्या, इस्त्रीच्या आवाजात. काकांच्या सुनेने चहा आणला होता, तो त्यांनी कसल्याही चौकशीशिवाय पिऊन टाकला. ते बघून मला काळजी वाटायला लागली.

परतताना बाईंनी रिक्षावाल्याला काही बोलायला सांगितलं नाही. मध्येच म्हणाल्या, "माणूस मेला असता."

"मेला नाही ना. बटण मी आजच्या आज खाली आणतो, आल्यावर फोन बोलेल असं करतो. कोणाला कळणारही नाही."

"आणि बाकीची?"

"बाकीची कुठली?"

"मी पास केलेली. सगली पाठ हायत मना. बोटां आपली आपन जातात. दुसरं कोन आंधलं तिथं पडलं असंल तर मना कसं कलनार?" मग थोडं थांबून, "हे बोलले तर माझी खुर्ची जाते, सुधीर."

मी त्यांना गप्प बसायला सांगितलं, आणि आजही सांगेन. उगाच कशाला? इतक्या वर्षांत एक बटण राहिलं. डोळे असलेले लोक रोज ढीगभर चुका करतात, त्यांच्या खुर्च्या कुठे जातात? पण जिने आयुष्यभर कोणाला सोडलं नाही ती स्वतःला कशी सोडणार. इतर कोणावर संशय घेतल्यावर बाई ताज्यातवान्या व्हायच्या. ह्या वेळी मात्र त्यांचा चेहरा उतरला होता, आणि मला त्यांचा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी सेंटरच्या लोकांबरोबर व्हिडिओ कॉल होता. जिगरभाई गोड आवाजात सांगत होते की छोटीशी अडचण होती, दूर केली, मॅडमनी पुन्हा चेक करून पास केलंय. रेमीबाई माझ्या शेजारी होत्या.

"मी चेक केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि केलं तरी धरू नका. मला ती साइट पाठ झालीय. जिला रस्ता पाठ आहे, तिला रस्ता बरा आहे का विचारून काय फायदा? ज्याने ती कधी हातात घेतली नाही अशा माणसाला बसवा. दर वेळी नवीन माणूस. माझ्या पासाला आता किंमत नाही."

पडद्यावरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. जिगरभाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं, आवर त्यांना. मी काही केलं नाही. कॉल संपल्यावर जिगरभाई एवढंच म्हणाले, "मॅडम, ये आपने क्या किया?" आवाजात राग कमी होता आणि सुटका जास्त, असा मला संशय आला. तो अजून गेलेला नाही.

नवीन पान तयार झालं तेव्हा बाईंच्या सांगण्यावरून भोईरकाकांनाच ऑफिसात बोलावलं. सूनही आली. काकांना बाईंच्या टेबलाशी बसवलं आणि बाई समोर, दुसऱ्याच खुर्चीवर. बाईंनी सगळ्यांना ताकीद दिली की कोणी हूं की चूं करायचं नाही. काकांनी तारीख निवडली, वेळ निवडली. फोन बोलला की खाली बटण आलं आहे. पण नेमका त्याच वेळी शेजारच्या गाळ्यात पॉलिशचं यंत्र सुरू झालं आणि काकांना ते नीट ऐकू आलं नाही. त्यांचं बोट फोनवर घुटमळत राहिलं. आम्ही सगळे ओठ चावून बसलो.

"मॅडम, थोडा हिंट दे दो ना," जिगरभाई कुजबुजले.

रेमीबाईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. मान खाली. काकांचं बोट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. सुनेला राहवेना, ती म्हणाली, "बाई, सांगा ना त्यांना." बाई बोलल्या नाहीत. मला वाटलं, ह्या क्षणी हे काका अडकले तर बाईंची खुर्ची वाचते, कारण मग तपासायला जाणकार माणूस हवा हे सिद्ध होतं. आणि मी, देवाशप्पथ, काका अडकावेत म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करत होतो. बाई काय मागत होत्या ते मला माहीत नाही. त्यांचे ओठ हलत होते.

काकांनी पुन्हा एकदा बोट खाली सरकवलं. फोन म्हणाला, ‘नक्की करा, बटण.’ टकटक. ‘तुमची पाळी नक्की झाली आहे. बुधवार, साडेदहा.’

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका लाजले. रेमीबाई म्हणाल्या, "टाळ्या नंतर. सेंटरला फोन लावून विचारा नाव आलं का." लावला. आलं होतं. मग बाईंनी मांडीखालचे हात काढले. बोटं पांढरी पडली होती.

नंतरचं सगळं सभ्यपणे झालं. जिगरभाईंनी प्रत्येक साइटला नवीन माणूस बोलवायची पद्धत सुरू केली, ती क्लायंटना आवडलीही. बाईंना त्यांनी जा म्हटलं नाही. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "आप बैठो ना मॅडम. क्लायंट आये तो मिलना, वेबसाइट पे आपका फोटो रहेगा."

"काम काय करायचं?"

"काम कुछ नहीं. आराम से बैठना."

"बसायला मला घर आहे," रेमीबाई म्हणाल्या. पर्स उचलली, किटली विसळून पालथी घातली आणि गेल्या. मी पुलापर्यंत सोडायला येतो म्हटलं तर म्हणाल्या, "कशाला? माझी वाट पाठ झालीय का ते बघायला?" आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी सुके बोंबील आणायला उत्तनला गेलो होतो. खरं तर बोंबील भाईंदरलाही मिळतात. विचारत विचारत त्यांच्या घरी पोचलो. ओळींवर बोंबील टांगलेले, त्यांचा वास सगळ्या गल्लीत भरलेला, आणि ओट्यावर रेमीबाई. केस नीट विंचरलेले, मानेला पावडर, पायात चपला नाहीत. भावजय उत्साहाने बाहेर आली. "आमची रेमीबाय आता आराम करते," ती म्हणाली, आणि चहाचा कप बाईंच्या हातात देऊन वर आपला हात धरून ठेवला, चटका बसू नये म्हणून. बाईंनी तसाच चहा घेतला. भावजयीच्या प्रेमात काही खोट नव्हती, पण मला तिथून उठून जावंसं वाटलं.

भावजय आत गेली तशी त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"खारीचा म्हातारा बरा हाय?"

"बरे आहेत."

"पाली लागते त्याची? वेलेवर जातो?"

"जातात ना. आता काही तक्रार नाही."

"तू बगितलंस, का तक्रार न्हाय म्हनून म्हनतस?"

मी बघितलं नव्हतं. उत्तर यायला जो वेळ लागला तेवढ्यात त्यांना कळलं. चहाचा कप त्यांनी चाचपून ओट्याच्या कडेला ठेवला.

"लोक तक्रार कराची पन सोडून देतात, सुधीर. उद्या सोता जा. त्याच्या बाजूला बस, बोलू नको, लावतो तसं लावू दे. मंग मना फोन कर."

"करतो. कधी करू?"

"कवाही कर," रेमीबाई म्हणाल्या. "मी घरीच हाय."